दगडावर एका नावाची जागा

निघण्याआधी

माझ्या माहेरच्या गावात शहीद जवानांचा दगड उभा राहतोय आणि त्यावर माझ्या थोरल्या भावाचं नाव नाही, हे मला जानेवारीत फोनवर कळलं. फोन दत्ताचा होता. दत्ता माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. माहेरचं घर आता त्याच्याकडं आहे.

"आत्या, सुभेदार नको म्हणत्यात," तो म्हणाला. "लय सांगून बघितलं. दगडावर एकाच नावाची जागा ऱ्हायलीया. सव्वीस जानेवारीला मंत्री येणार, त्याच्या आदी पाथरवट काम आटपून जाणार."

"नको का म्हणतोय?"

"काकींच्या कुंकवामुळं."

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा थोरला भाऊ शंकर दुसऱ्या महायुद्धात बाँब टाकणाऱ्या विमानात होता. दोन माणसांचं विमान. पुढं चालवणारा, मागं बंदूक घेऊन हा. औंधच्या शाळेत इंग्रजी शिकला होता आणि नजर चांगली होती, म्हणून साताऱ्याला पलटणीत भरती व्हायला गेलेल्या पोराला त्यांनी विमानाकडं पाठवलं. एकदा रजेवर आला तेव्हा त्याचं लग्न लावलं. परत गेला तो ब्रह्मदेशाच्या बाजूला. तिथून तार आली, बेपत्ता.

माझा बाप म्हणाला, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. दिवस घातले नाहीत. वहिनीचं कुंकू पुसू दिलं नाही. वहिनी तेव्हा पोरसवदाच होती. ती पुढं म्हातारी झाली, ऐंशीच्या वर जगली, पण कपाळाचं कुंकू आणि हातातला हिरवा चुडा कधी उतरला नाही. मेली तेव्हा गावानं तिला सवाष्ण म्हणून नेली. हिरवं लुगडं, मळवट, ओटी, सगळं. मी स्वतः तिला अंघोळ घातली.

आता सुभेदाराचं, म्हणजे दगडाचं काम बघणाऱ्या आमच्या गावच्या निवृत्त फौजी बापूचं, म्हणणं असं की जिला आपण सवाष्ण म्हणून जाळली तिचा नवरा मेलेल्यांच्या दगडावर कसा लिहायचा. त्यात आणखी एक जुनी गोष्ट आहे. लढाईनंतर रंगूनहून परतलेला कुणीतरी सांगत होता की शंकर तिकडं शिवणाचं दुकान टाकून बसलाय, ब्रह्मी बाई केलीय. म्हणजे पळाला. गावात हे कुणी तोंडावर बोलत नाही, पण विसरलेलंही नाही.

माझी नात पूजा कराडला शाळेत शिकवते. तिनं मोबाईलवर शोधलं. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या दगडावर त्याचं नाव आहे म्हणाली. ते सुभेदाराला सांगितलं. तो म्हणाला, सरकार बेपत्ता माणसाला मेलेलाच धरतं, त्यानं काही कळत नाही. यात तो चुकीचं बोलला असं मला वाटत नाही.

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. मला अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली. इतकी वर्षं मी लोकांना दादा लढाईत गेला असं सांगत आले, आणि मनात रंगूनचं दुकान होतंच.

एक माणूस मात्र खरं जाणत असणार. लढाई संपल्यावर खाकी कपड्यातला एक मुसलमान फिटर आमच्या दारात आला होता. इब्राहिम त्याचं नाव, पाचगणीचा. मी तेव्हा लहान होते, ओट्यावर शेंगा फोडत होते. तो म्हणाला, मी शंकरच्या विमानाचं काम बघायचो. पुढचं बोलायच्या आत बाप ओरडला, "माझा पोरगा जिता हाय. ऊठ हितनं." पाणीसुद्धा दिलं नाही. तो उठून विहिरीच्या वाटेनं गेला.

पूजानं पाचगणीत चौकशी केली. इब्राहिम कधीच वारले होते. त्यांचा मुलगा रशीद आहे, तोही सत्तरीच्या पुढं. मी म्हटलं, गाडी काढ.

पेठ नाक्यावरून वर

माझं सासर इस्लामपूरजवळ. आमच्याकडं जानेवारीत रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. मागं दिवा नाही, वर ऊस रचलेला, आणि गाणं इतक्या मोठ्यानं की पाठीमागून भोंगा वाजवला तरी ऐकू जात नाही. पूजा गाडी चांगली चालवते, पण बोलत चालवते. मी म्हटलं, "तोंड बंद ठेव आणि त्या ट्रॉलीकडं बघ."

"आजी, तू घाबरलीस?"

"व्हय."

कराड गेलं, उंब्रज गेलं. साताऱ्याला पूजानं कंदी पेढे घेऊ का विचारलं. मी नको म्हटलं. ज्याच्याकडं चाललो त्यानं काय सांगायचं ते सांगू दे. तो म्हणाला, हो, रंगूनला होता, तर तो पेढा कुठल्या तोंडानं खायचा?

वाईला थांबलो. कृष्णा आमच्याकडं येते तेव्हा रुंद आणि मळकी असते, मळीचा वास असतो तिला. वाईत ती पोरीसारखी दिसते. घाटावर बायका धुणं आपटत होत्या. एका बाईनं मला विचारलं, "आजी, दर्शनाला का?" मी म्हटलं, नाही, भाऊ मेला का ते विचारायला. तिनं पिळा तसाच हातात धरला. पूजा म्हणाली, आजी, असं बोलतात का लोकांशी. मी म्हटलं, तिनं विचारलं म्हणून सांगितलं.

पसरणीचा घाट लागला. वळणावर गाड्या उभ्या करून माणसं खाली बघत फोटो काढत होती. मी डोळे मिटून बसले. आमच्या घरात उंचीची भीती सगळ्यांनाच. शंकरदादाला सगळ्यांत जास्त. गावची पोरं विहिरीत वरून उड्या टाकायची, हा पायऱ्या धरून उतरायचा, म्हणून त्याला चिडवायची. औंधला यमाईच्या डोंगरावर जायचा तेव्हा भिंतीकडून चालायचा. तो पोरगा विमानात कसा बसला असेल, हे मला आजवर कळलं नव्हतं.

रजेवर आला होता तेव्हा मी त्याला विचारलं होतं, दादा, वरून आपलं गाव कसं दिसत असेल. तो म्हणाला, भाकरीवर तीळ पडल्यागत. एवढंच त्याचं बोलणं मला आठवतं. मला चौथीपर्यंत शाळा मिळाली तीही त्यानं त्या रजेत बापाशी भांडून नाव घातलं म्हणून.

पाचगणी

रशीदभाईंच्या घराला कुलूप होतं.

शेजारची बाई दारात आली. "चाचांना पहाटं वाईला नेलं दवाखान्यात. छातीत दुखत होतं."

आम्ही तासाभरापूर्वी वाईतूनच आलो होतो. मी पायरीवर बसले. मला त्या माणसाची काळजी वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, हा आता मरतो आणि सगळं घेऊन जातो. पूजा फोन लावत होती, कुणी उचलत नव्हतं. समोरच्या कौलांवर माकडं बसली होती, त्यांतलं एक माझ्या पिशवीकडं बघत होतं.

शेजारणीनं ताटलीत स्ट्रॉबेऱ्या आणून दिल्या, तिच्याच शेतातल्या. दिसायला लालभडक आणि चवीला चिंचेची बहीण. मी मीठ मागितलं तर ती हसली. म्हणाली, "लोक साय घालून खातात, आजी."

"घालू देत. आमच्याकडं उसाला पण मीठ लावत न्हाईत. ह्याला लावावं लागतंय."

दुपार झाल्यावर एकदाचा फोन लागला. पित्त निघालं, बाकी काही नाही, सोडलंय, येतोय. थोड्या वेळानं रिक्षा आली. उंच, वाळकासा माणूस, मफलर गुंडाळलेला. मुलाच्या खांद्याला धरून उतरला आणि मला पायरीवर बघून म्हणाला, "आपा, तुमी बाहेर? कुलूप तोडायचं होतं की."

आत खाटेवर आडवा झाला. बाप इथल्या एका शाळेत गरम पाण्याचे बंब सांभाळायचा, हाही आयुष्यभर तेच करत आला. त्याच्या बायकोनं, दवाखान्यातून आल्याआल्या, पदर खोचून भाकऱ्या टाकायला घेतल्या. मटणाचं कालवण कालचं होतं. तिनं विचारलं, गुरुवार आहे, तुम्हाला चालतं का. मी म्हटलं, मी कुठलाच वार धरत नाही. माझं पोट धरतं ते पुरे.

"आपा कुठल्या?" रशीदभाईंनी विचारलं. "सातारच्या का सांगलीच्या?"

"म्हायेर सातारा, सासर सांगली."

"म्हंजे दोन्ही कडनं तिखट."

मी भाकरी मोडत राहिले. शेवटी पूजानं विचारलं, "तुमचे वडील शंकर नावाच्या कुणाबद्दल बोलायचे का?"

"शंकर बंदूकवाला," ते लगेच म्हणाले. "वकायचा तो."

मी भाकरी खाली ठेवली.

"अब्बा सांगायचे, विमानात त्याला बसायला पेटीएवढी जागा. त्यात तो पाठमोरा. पुढचा चालवतोय तिकडं ह्याची पाठ. बाँब टाकायला विमान नाकावर उभं ऱ्हाऊन खाली सुटायचं. मागं बसलेल्याला मग खालचं काय दिसत न्हाई, नुसतं आभाळ. उतरला की शंकर आदी वकायचा. मग च्या मागायचा. अब्बांनी त्याला विचारलं, एवढं भ्यातोस तर आलास कशाला. तो म्हनला, मी घरच्या विहिरीत कधी उडी टाकली न्हाई, हे माज्या बहिनीला म्हाईत हाय. हितं कुनाला म्हाईत न्हाई."

ती बहीण मी. हा आमचाच शंकर, यात मला मग शंका राहिली नाही.

"पुढं सांगा," मी म्हटलं.

"तुमच्यात कमरेचा करगोटा असतो न्हवं?"

असतो. तांबड्याकाळ्या दोऱ्याचा गोफ. आमच्यात पुरुषाच्या कमरेवरून तो जित्यापणी उतरत नाही. जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मग जुना तोडायचा. माणूस मेल्यावर तिरडीवर तोडतात, तेव्हाच कंबर मोकळी होते.

"शंकर दर वेळी विमानात चढायच्या आदी करगोटा सोडून अब्बांच्या हातात द्यायचा. ट्रंकेची किल्ली त्यालाच ओवलेली. अब्बा म्हनले, आरं हे तुमच्यात करत न्हाईत. तर म्हनला, वरनं पडलो तर माझी कंबर कोन मोकळी करनार? जाताना मी मेलेलाच जातो. आलो की जिता. तार गेली तर बाप मानायचा न्हाई, कागद आला तरी मानायचा न्हाई. ह्यो दोरा बघितला की मानंल. आन् उतरला की वकून झाल्यावर पयला करगोटा बांधायचा. मग च्या."

रशीदभाई दम घ्यायला थांबले. बायकोनं पाणी दिलं.

"एके दिवशी विमान आलं न्हाई. बाकीच्यांनी वरून बघितलं. खाली सुटलं ते वर आलंच न्हाई. खाली जंगलाची दरी. जाळ दिसला, मग धूर. अब्बा सांजपर्यंत करगोटा मुठीत धरून उभे हुते. लढाई संपल्यावर तुमच्या गावाला आले."

"आणि बापानं हाकललं," मी म्हटलं. "करगोटा दाखवायच्या आत."

"व्हय. पर विहिरीवर तुमची वहिनी पानी भरत हुती. तिनं ऐकलं हुतं सगळं. अब्बांनी तिच्या हातात दिला."

मी असं ऐकायला आले नव्हते.

"तिनं काय केलं?"

"पदराच्या टोकाला बांधला. अब्बांना म्हनली, भाऊ, पानी प्या. ओंजळीत पानी घातलं. आन् मग म्हनली, तुमी हितं मला भेटलाच न्हाई."

"रडली?"

"ते अब्बांनी कधी सांगितलं न्हाई, आपा."

उतरताना

त्या रात्री लॉजवर मी जागी होते, त्याचं काही लिहीत नाही. सकाळी घाट उतरताना पूजा म्हणाली, "आजी, झालं की काम. ते मेले हे नक्की झालं. आता नाव कोरतील."

"आणि वहिनी?"

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. गाडी हळू केली तिनं.

शंकर मेला हे गावाला पटवायचं तर करगोटा कुणाच्या हातात गेला ते सांगावं लागणार, वहिनीला ठाऊक होतं हेही. म्हणजे जिनं साठ-सत्तर वर्षं गावातल्या पोरींच्या लग्नात पुढं होऊन ओट्या घेतल्या, हळदी दळल्या, ती विधवा होती आणि तिला ते माहीत होतं. आमच्या गावात अजून अशा बायका जिवंत आहेत ज्यांच्या डोक्यावर पहिला तांदूळ वहिनीनं टाकला. त्यांतल्या काही लवकर विधवा झाल्या. त्यांनी काय समजायचं?

मला आधी वहिनीचा राग आला. बाप दारात वाट बघून मेला आणि ही पदराला उत्तर बांधून भाकऱ्या थापत होती. साताऱ्यापर्यंत राग पुरला. पुढं पुरला नाही. आमच्या घरात बापाची एक विधवा बहीण होती. मागच्या पडवीत बसायची. चांगल्या कामाला निघताना ती समोर येऊ नये म्हणून आई मला आधी बघून यायला पाठवायची. वहिनीनं हे रोज बघितलं होतं. तिला पडवी नको होती. माझा नवरा गेला तेव्हा बायकांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मला कुणी विचारलं नाही. वहिनीनं कुणाला विचारू दिलं नाही, एवढाच फरक.

"ग्रेट होत्या त्या," पूजा म्हणाली.

"ग्रेट बीट काही नाही. शहाणी होती."

आणि मग मला ती अंघोळ आठवली. वहिनीला शेवटची अंघोळ घालताना तिच्या कमरेला लुगड्याच्या आत एक दोरा होता, विटून काळा झालेला, त्याला किल्ली. मी सोडायला गेले. कुणीतरी म्हणालं, असू दे, किल्ली बायका कमरेलाच ठेवतात. मी तसाच राहू दिला. तो तिच्याबरोबर चितेवर गेला.

मी पूजाला हे सांगितलं. ती म्हणाली, "पण मग ट्रंक? ती कुलूपबंद होती ना?"

होती. शंकरच्या ट्रंकेचं कुलूप बापानं कुणाला तोडू दिलं नाही. येईल-जाईल त्याला सांगायचा, किल्ली पोराच्या कमरेला हाय, तो येऊन उघडंल. सगळ्या गावानं हे ऐकलेलं. बाप मेल्यावर ट्रंक वहिनीच्या खोलीत गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती ट्रंक रोज उघडायची. तिळाचे लाडू, खडीसाखर, नवी लुगडी, सगळं त्यात. सगळ्या गावानं हेही बघितलेलं. किल्ली कुठून आली, हे एका माणसाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

रहिमतपूरच्या अलीकडं टायर बसलं. त्याच वेळी दत्ताचा फोन. "आत्या, कुठवर आला? पाथरवटाला दुसरीकडं काम हाय. दुपारीच जातो म्हणतोय. मी त्याला जेवाय बसवलाय, पर किती वाढणार?"

"बासुंदी कर," मी म्हटलं.

पंक्चरवाला एका टायरमध्ये आधीच गुंतलेला होता आणि मधूनमधून मोबाईलवर क्रिकेट बघत होता. मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "बाळा, माझा भाऊ दगडावर चढायचाय आणि माणूस छिन्नी गुंडाळतोय. तुझा खेळ बाजूला ठेव." त्याला काही समजलं नसावं, पण हात भराभर चालवला त्यानं. तिथं कांदाभजी खाल्ली. तेल जुनं होतं. तरी ताटली संपवली.

आमच्याकडं सगळा हिरवा ऊस, इकडं आलं की जमीन उघडी होते. काळ्या-तांबड्या रानात ज्वारी कंबरेएवढी आणि मधेमधे बोडके माळ. लग्न होऊन उसात गेले तेव्हा पहिली दोन वर्षं मला लांबचं दिसत नाही म्हणून गुदमरायचं. इथं लांबचं दिसतं. औंधचा डोंगर दिसला, यमाईचं देऊळ दिसलं. मी हात जोडले नाहीत. काय मागायचं तेच ठरलं नव्हतं. नाव मागावं तर वहिनी जाणार, वहिनी राखावी तर नाव.

माहेर

शाळेच्या पटांगणात दगड उभा होता. काळा, चकचकीत, पुरुषभर उंच. पाथरवट पायरीवर बसून तंबाखू मळत होता, हत्यारांची पिशवी बांधलेली. दत्ता, सरपंच बाई, तिचा नवरा, बापू सुभेदार आणि तमाशा बघायला आलेली माणसं. सरपंच बाई बोलायला तोंड उघडायची आणि नवरा बोलायचा, हे इकडंही आमच्या सासरच्यासारखंच.

बापू सुभेदार माझ्यापेक्षा बराच लहान. पलटणीतून निवृत्त झालेला, मिशा अजून चढवलेल्या. त्यानं वाकून नमस्कार केला. "आत्या, परवास झेपला का?"

"झेपला. नाव का लिहित न्हाईस?"

"आत्या, राग धरू नका. ह्या दगडावर जी नावं हायती त्यांस्नी मी काय उत्तर देऊ? ह्यातला एक माझ्या शेजारी गेलाय. नक्की न्हाई ते नाव त्याच्या खाली कसं कोरू?"

मी फिटरच्या मुलानं सांगितलेलं सांगितलं. विमान, दरी, जाळ. वहिनीचं सांगितलं नाही.

सुभेदारानं मान हलवली. "फिटरनं लेकाला सांगितलं, लेकानं तुमास्नी. रंगूनवाल्यानं बी असंच सांगितलं हुतं. ऐकीव ह्ये आन् ऐकीव त्ये. कुठलं धरू?"

पाथरवट उठला. पिशवी खांद्याला लावली. दत्ता माझ्याकडं बघायला लागला.

गर्दीत बायका होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी वहिनीची शेवटची ओटी भरली होती. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मग सुभेदाराकडं.

"बापू, तू लहानपणी आमच्या घरात असायचास. वहिनी तुला काय द्यायची?"

"काकी? खडीसाखर." तो हसला. "परीक्षेला जाताना. न चुकता."

"कशातनं काढून द्यायची?"

"ट्रंकेतनं. शंकरकाकाच्या..."

तो तिथंच थांबला. त्याच्या मिशा हलल्या नाहीत, पण डोळे हलत होते. शिकलेला माणूस होता तो, पण हे शाळेतलं नव्हतं. हे गावातल्या सगळ्यांना येत होतं, मांडलं कुणी नव्हतं.

"त्या ट्रंकेची किल्ली," तो हळू म्हणाला, "शंकरकाकाच्या करगोट्याला हुती. म्हातारा सांगायचा."

"व्हय."

"मग ट्रंक उघडली कशी?"

"किल्ली घरी आली हुती. करगोट्यासकट. फिटरनं आणून दिली. आता करगोटा कवा उतरतो ते तुला मी सांगावं का?"

पाथरवटानं पिशवी खाली ठेवली.

"कुठं हाय तो?" सुभेदारानं विचारलं.

"जळला. हितल्याच मसणात. वहिनीला अंघोळ घालताना तिच्या कमरेला हुता. मी डोळ्यानं बघितला, मला कळला न्हाई. तिला खांदा दिला त्यात तू हुतास. तवा तू दोघास्नी पोचवून आलाईस."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, म्हंजे वैनीस ठावं हुतं? मग आमी भरलेली वटी?"

"तुमी भरली, तिनं घेतली," मी म्हटलं. "तुझ्या लग्नात तिनं तांदूळ टाकला. तुझा नवरा त्यो बघ कट्ट्यावर बिडी वडतोय. काय बिघडलं?"

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारीनं कट्ट्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "त्यो मराय न्हाई झाला, त्येचंच वाईट." तरी दोघीजणी तोंड फिरवून निघून गेल्या. त्या माझ्याशी पुन्हा बोलतील असं वाटत नाही.

सुभेदार दगडाकडं बघत होता. "आत्या, पर मग काकींच्या कुंकवाचं काय म्हणायचं?"

"कुंकू तिचं हुतं. दगुड त्याचा हाय. दोन्हीचा हिशोब एकात घालू नगंस."

त्यानं दगडावरच्या शेवटच्या नावावरून अंगठा फिरवला. मग तो पाथरवटाला म्हणाला, "काढ हत्यारं."

पाथरवटानं पट्टी लावली. "सुभेदार, तळाला जागा कमी हाय. नाव, बापाचं नाव, आडनाव. वरच्यागत मोठं बसायचं न्हाई. बारीक काढावं लागंल."

सुभेदारानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "काढ बारीक. विमानात तरी त्याला कुठं पसरून बसाय मिळालं हुतं."